घरच्या फ्लाइट सिमसाठी डिस्प्ले निवडताना

सेस्ना १७२ हे छोटं विमान घेऊन तुम्ही सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची ठरलेली फेरी, मारताय असं धरा. टेकऑफ झाला, डावीकडे दोन वळणं झाली, आता डाउनविंडवर धावपट्टीला समांतर चाललाय. परत धावपट्टीकडे नेणारं बेसचं वळण कधी घ्यायचं? धावपट्टीचं टोक डाव्या खांद्याच्या मागे साधारण ४५ अंशांवर गेलं की. खऱ्या विमानात त्यासाठी मान वळवावी लागते, एवढंच. घरी सिम्युलेटरवर उडवताना टेबलावरच्या २७ इंची मॉनिटरवर समोरचे जेमतेम पन्नासएक अंश दिसतात, आणि जिथे धावपट्टी असायला हवी तिथे तुमच्या खोलीची भिंत असते.

बहुतेक नवखे इथेच ठरवून टाकतात की मोठा स्क्रीन घ्यायला हवा. पण वर जे अडलं ते स्क्रीन लहान असल्यामुळे नाही, बाजूला बघता येत नसल्यामुळे. ५५ इंची टीव्ही आणला तरी मागच्या कोपऱ्यातली धावपट्टी त्यात येणार नाही. म्हणून या लेखात खरेदी बरीच उशिरा येते. आधी काय उडवता ते ठरवू, मग अंतर मोजू, मग बघण्याची सोय करू आणि त्यानंतर स्क्रीनकडे वळू.

पायरी १ : तुम्ही उडवता काय?

एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ उडवणाऱ्याचा बहुतेक वेळ आतली उपकरणं वाचण्यात जातो. प्रायमरी फ्लाइट डिस्प्ले, नॅव्हिगेशन डिस्प्ले, एफएमसी, म्हणजे उड्डाणाची आखणी सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरवरची बारीक अक्षरं. बाहेर बघायचं ते टॅक्सी करताना आणि शेवटच्या काही मिनिटांत, तेही मुख्यतः समोर. अशा माणसाला रुंदीपेक्षा अक्षरांचा स्पष्टपणा जास्त लागतो.

छोटी विमानं नजरेच्या भरवशावर उडवणाऱ्याचं गणित उलटं. खाली नदी कुठे वळली, रस्ता कुठे फुटला, धावपट्टी पंखाच्या कुठल्या भागाखाली दिसतेय, हे सगळं बाजूच्या खिडकीतून कळतं. ग्लायडरवाल्याला थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, गोल फिरताना वळणाच्या आतल्या बाजूला बघत राहावं लागतं. हेलिकॉप्टर एका जागी स्थिर धरायचं तर पायांजवळच्या काचेतून जमीन दिसायला हवी, म्हणजे तिथे स्क्रीनची उंची महत्त्वाची. आणि डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिममध्ये हवाई झुंज खेळणाऱ्याचा शत्रू बहुतेक वेळा डोक्यावर किंवा पाठीमागे असतो; तिथे तीन मॉनिटरसुद्धा कमीच पडतात.

पुढे कधीतरी काय उडवायचंय हे इथे मोजू नका. गेल्या महिन्यात खरोखर काय उडवलं ते आठवा आणि त्याच्यासाठी घ्या.

पायरी २ : मोजपट्टी आणा

नेहमी बसता तसे बसा आणि डोळ्यापासून स्क्रीन जिथे येणार तिथपर्यंतचं अंतर मोजा. योक, म्हणजे विमानाचं स्टीअरिंगसारखं हँडल, लावलेला असेल तर लावूनच मोजा. टेबलाच्या कडेला योक अडकवला की तुम्ही आपोआप मागे सरकता, रडर पेडल आले की आणखी मागे, आणि ६० सेंटिमीटरचं अंतर बघता बघता ९० होतं. हा फरक दिसायला किरकोळ, पण सगळा हिशेब त्यावर फिरतो.

हिशेब असा: स्क्रीनच्या रुंदीचा अर्धा भाग घ्या, त्याला अंतराने भागा, कॅल्क्युलेटरवर उलट टॅन्जंट काढा आणि दुप्पट करा. जे येईल ते तुमचं खरं आडवं फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनने तुमच्या नजरेचा किती कोन व्यापला ते. २७ इंची मॉनिटर सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. ६० सेंटिमीटरवरून तो ५३ अंश देतो. तोच ९० वर गेला की उरतात ३७. बाकीचे आकडे:

- ३२ इंची मॉनिटर, ७० सेंटिमीटरवरून: सुमारे ५४ अंश
- ४३ इंची टीव्ही, ८० सेंटिमीटरवरून: सुमारे ६१ अंश
- ५५ इंची टीव्ही, एक मीटरवरून: सुमारे ६३ अंश
- ४९ इंची सुपर अल्ट्रावाइड सपाट धरला तर ७० सेंटिमीटरवरून: ८१ अंश; १०००आर वक्रतेचा असेल तर ९० च्या थोडा पुढे
- २७ इंची तीन मॉनिटर, बाजूचे दोन तुमच्याकडे वळवून, ६० सेंटिमीटरवरून: १६० अंशांच्या आसपास

५५ इंचाचा टीव्ही आणि ३२ इंचाचा मॉनिटर यांच्यात दहा अंशांचाही फरक नाही, कारण मोठा स्क्रीन आपण लांब ठेवतो. खिडकीपासून लांब उभं राहिलं की बाहेरचं कमी दिसतं, खिडकी कितीही मोठी असो.

तुलनेसाठी व्यावसायिक मापही बघून ठेवा. अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या नियमांत वरच्या श्रेणीच्या, म्हणजे लेव्हल सी आणि डी सिम्युलेटरला प्रत्येक वैमानिकासाठी किमान १७६ अंश आडवं आणि ३६ अंश उभं दृश्य लागतं. आडव्या आकड्याने दबून जाऊ नका, उभ्याकडे बघा. २७ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवरून ३१ अंश उंची देतोच. अडचण अशी की त्या सिम्युलेटरमध्ये सगळे ३६ अंश बाहेरच्या दृश्यासाठी असतात आणि उपकरणांचं खरं पॅनेल त्याखाली वेगळं बसवलेलं असतं. आपल्याकडे पॅनेल आणि आकाश दोघांनी त्याच उंचीत दाटीवाटीने राहायचं असतं. नवख्यांच्या खरेदीत ही गोष्ट सर्वांत जास्त निसटते. सगळे रुंदी विचारतात, उंची कुणी विचारत नाही.

मग सिममध्ये फील्ड ऑफ व्ह्यू कितीवर ठेवायचं? खऱ्या कोनाइतकं ठेवलं तर सगळ्या वस्तू खऱ्या आकाराच्या दिसतात, पण पॅनेलचा तुकडाच समोर येतो. जास्त ठेवलं तर पॅनेल बसतं, मात्र धावपट्टी आहे त्यापेक्षा लांब आणि बारीक वाटते, आणि उतरताना जमिनीजवळ नाक उचलायची वेळ चुकायला लागते. मधला मार्ग काढावाच लागतो. एक्स-प्लेन या सिममध्ये हा कोन सरळ अंशांत भरता येतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये कॅमेऱ्याच्या झूमवरून डोळ्याने जुळवावा लागतो. खऱ्या कोनाच्या दीडपटीच्या पलीकडे शक्यतो जाऊ नये असं माझं मत. त्याच्या पुढे लँडिंगचा सराव होतो खरा, पण तो त्या एका सेटिंगपुरताच.

पायरी ३ : आधी मान वळवण्याची सोय

हेड ट्रॅकिंगवर, म्हणजे डोकं वळेल तसं सिममधलं दृश्य वळवणाऱ्या सोयीवर, खर्च होतो कमी आणि फरक पडतो सर्वांत जास्त, म्हणून ते स्क्रीनच्या आधी. ट्रॅकआयआरमध्ये मॉनिटरवर एक इन्फ्रारेड कॅमेरा बसतो आणि टोपीला किंवा हेडफोनला छोटी क्लिप लागते. टोबीचं उपकरण स्क्रीनच्या खाली लागतं आणि अंगावर काहीच लावावं लागत नाही, पण ते घेण्याआधी निर्मात्याने दिलेली स्क्रीनच्या आकाराची मर्यादा वाचा. फुकटात बघायचं असेल तर ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवरही चालतं. वेबकॅमवर हालचाल थोडी थरथरते, उजेड कमी असेल तर जास्तच. तरीही हे आपल्याला मानवतं का हे समजायला तेवढं पुरतं.

गंमत अशी की डोकं वळवायचं आणि नजर मात्र स्क्रीनवरच ठेवायची. म्हणून हालचाल वाढवून दाखवली जाते: तुम्ही मान १५ अंश वळवली की सिममधला वैमानिक ९० अंश वळतो. पहिल्या काही उड्डाणांत हे अत्यंत विचित्र वाटतं. दोन सेटिंग्ज लगेच करून घ्या. मध्यभागी थोडी सपाट जागा ठेवा, म्हणजे समोर बघताना दृश्य डुलणार नाही. आणि मध्य पुन्हा जुळवण्याचं बटण योकवर किंवा जॉयस्टिकवर अंगठ्याखाली आणा. फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, विमान सांभाळत कीबोर्ड चाचपडण्यासारखं वाईट काही नाही.

व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा आभासी दृश्याचा हेडसेट, घ्यायचं आधीच ठरलं असेल तर ही पायरी सोडून द्या. हेडसेटला डोकं कुठे वळलं हे सांगावं लागत नाही.

पायरी ४ : आता स्क्रीन

एकच मॉनिटर. २७ इंचाला २५६० बाय १४४०, ३२ इंचाला ४के. इथे एक माप उपयोगी पडतं: एका अंशात किती पिक्सेल येतात. सर्वसाधारण चांगली नजर एका अंशात साधारण ६० पिक्सेल वेगळे ओळखू शकते. २७ इंची १०८० रेझोल्यूशनचा मॉनिटर ६० सेंटिमीटरवरून ३६ देतो, १४४० वाला ४८, आणि ३२ इंची ४के ७० सेंटिमीटरवरून सत्तरएक. म्हणून पहिल्या मॉनिटरवर उपकरणांचे आकडे वाचायला पुढे वाकावं लागतं आणि शेवटच्यावर लागत नाही. एअरलायनर उडवणाऱ्याने ३२ इंची ४के घ्यावा आणि उरलेला लेख चाळला तरी चालेल.

टीव्ही. ४३ ते ५५ इंचांचा ४के टीव्ही जवळ ठेवला तर वर सांगितलेली उंची भरपूर मिळते, ३७-३८ अंश. पॅनेलही बसतं आणि त्यावर आकाशही उरतं. हा पर्याय उगाच दुर्लक्षित आहे असं मला वाटतं. मात्र घेताना तीन गोष्टी तपासा. गेम मोड असायलाच हवा, नाहीतर टीव्हीच्या चित्र सुधारण्याच्या उद्योगात योक हलवल्यावर दृश्य उशिरा हलतं. कॉम्प्युटरकडून पूर्ण रंगमाहिती, म्हणजे ४:४:४, घेता येते का ते बघा. नाही घेता आली तर लाल-निळी बारीक अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. पुष्कळ टीव्हींत इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिल्याशिवाय हे सुरूच होत नाही. आणि ४के चित्र १२० हर्ट्झला हवं असेल तर टीव्ही आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हीकडे एचडीएमआय २.१ लागतं, २.० वर ६० हर्ट्झ मिळतात.

ओएलईडी रात्रीच्या उड्डाणात डोळ्यांचं पारणं फेडतो. पण विमानाचं एकच पॅनेल तासन्‌तास एकाच जागी राहणं हा ओएलईडीवर डाग उरण्याचा ठरलेला मार्ग आहे, आणि लांब पल्ल्याच्या उड्डाणात नेमकं तेच होतं. आठवड्यातून दोन-तीन तास उडवत असाल तर घ्या. ऑटोपायलट लावून रात्रभर महासागर ओलांडणाऱ्यांनी विचार करावा.

अल्ट्रावाइड. ३४ इंची २१:९ किंवा ४९ इंची ३२:९. दिसायला देखणे, आणि टेबलावर एकच वस्तू. पण ४९ इंची स्क्रीन म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन २७ इंची मॉनिटर. उंची तीच, ३३-३४ सेंटिमीटर. रुंदी मिळते आणि उंचीची ओढाताण तशीच राहते. हेड ट्रॅकिंग असेल तर ती खटकत नाही, नसेल तर पॅनेल बघायला सारखं दृश्य वर-खाली करावं लागतं. वक्रतेचा आकडा मिलिमीटरमधली त्रिज्या असतो: १०००आर म्हणजे एक मीटर, १८००आर म्हणजे एक मीटर ऐंशी. तुम्ही बसता ते अंतर आणि ही त्रिज्या जितकी जवळ, तितक्या कडा डोळ्यापासून सारख्या लांब राहतात.

तीन मॉनिटर. डाउनविंडवर धावपट्टी मागे पडेपर्यंत नुसती नजर फिरवून ती दिसण्याचं सुख याच पर्यायात आहे, आणि डोकेदुखीही याच पर्यायात सर्वांत जास्त. एनव्हिडियाच्या सराउंडने किंवा एएमडीच्या आयफिनिटीने तिन्ही स्क्रीन जोडून एकच लांबलचक चित्र करता येतं. पण एकाच कॅमेऱ्याचं चित्र ९०-१०० अंशांपलीकडे नेलं की कडेच्या वस्तू ताणल्या जातात. बाजूच्या मॉनिटरवरचा हँगर रबरासारखा लांबतो. यावरचा खरा उपाय म्हणजे प्रत्येक मॉनिटरला वेगळा कॅमेरा, त्या मॉनिटरच्या कोनाइतका वळवलेला. एक्स-प्लेनमध्ये ही सोय मुळातच चांगली आहे: प्रत्येक डिस्प्लेला स्वतःचा कोन देता येतो, आणि वेगवेगळे कॉम्प्युटर नेटवर्कने जोडूनही दृश्य वाढवता येतं. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये ती २०२२ मध्ये प्रायोगिक म्हणून आली. कुठल्याही सिममध्ये त्याची किंमत फ्रेम रेटमध्ये, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यात, चुकवावी लागते, कारण तेच जग तीनदा रंगवावं लागतं.

तीन घेणारच असाल तर तिन्ही एकाच मॉडेलचे, एकाच वेळी घ्या. रंग आणि उंची जुळवण्यात आयुष्य जातं. बाजूचे मॉनिटर असे वळवा की प्रत्येकाच्या मध्यभागी काढलेली लंबरेषा तुमच्या नाकाशी येईल. टेबलाची खोली त्यासाठी पुरते का हे आधी पुठ्ठ्याचे तुकडे कापून, उभे करून बघा.

व्हीआर. खोलीचा भास, खऱ्या आकाराचं कॉकपिट, मान वळवाल तिकडे दृश्य. फ्लेअरच्या, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलण्याच्या, वेळी जमीन किती खाली आहे हे घरच्या घरी इतक्या नीट दुसऱ्या कशात कळत नाही. एक्स-प्लेनमध्ये २०१८ पासून आणि मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये डिसेंबर २०२० पासून व्हीआर आहे. मग सगळ्यांनी हेच का घेऊ नये? मेटा क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटमध्ये एका अंशात साधारण २५ पिक्सेल येतात. वरचे आकडे आठवा. सेस्नाचे गोल काटे आरामात वाचता येतात, एअरलायनरचा एफएमसी वाचायला वाकावं लागतं. कीबोर्ड दिसत नाही, कागदावरचा चार्ट दिसत नाही, चष्मा काचेला घासतो. ग्राफिक्स कार्डाला घाम फुटतो. काहींना मळमळतं. पहिली उड्डाणं दहा-पंधरा मिनिटांचीच करा, आणि पोटात ढवळल्यासारखं वाटलं की त्याच क्षणी काढून ठेवा. दात-ओठ आवळून सहन केल्याने सवय लागत नाही, नावड लागते.

जुना हेडसेट स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारण्याआधी एक बघा. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून मायक्रोसॉफ्टने विंडोज मिक्स्ड रिॲलिटी ही हेडसेट चालवणारी प्रणाली काढून टाकली. एकेकाळी सिमवाल्यांचा लाडका असलेला एचपी रिव्हर्ब जी२ त्यावरच चालायचा.

प्रोजेक्टरबद्दल थोडक्यात: खोली अंधारी करता येत असेल आणि स्वतंत्र कॉकपिट बांधायचं असेल तरच. १०८० रेझोल्यूशनचं चित्र भिंतभर पसरलं की पिक्सेल मोजता येतात, आणि रात्रीचं आकाश काळं न होता राखाडी होतं.

नुकतीच सुरुवात करणाऱ्याने काय घ्यावं असं मला विचारलंत, तर एक ३२ इंची ४के मॉनिटर किंवा ४३ इंची टीव्ही, आणि सोबत हेड ट्रॅकिंग. छोटी विमानं किंवा हेलिकॉप्टर यांचंच वेड असेल तर पुढचा खर्च व्हीआरवर. तीन मॉनिटरचा विचार एखाद्या वर्षानंतर.

पायरी ५ : ग्राफिक्स कार्डाला विचारा

१९२० बाय १०८० म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल. १४४० म्हणजे ३७ लाख, ४९ इंची अल्ट्रावाइड म्हणजे ७४ लाख, ४के म्हणजे ८३ लाख, आणि १४४० चे तीन मॉनिटर म्हणजे १ कोटी १० लाख. प्रत्येक फ्रेममध्ये एवढं रंगवायचं असतं. आज १०८० वर ४५ फ्रेम मिळत असतील तर त्याच कार्डावर ४के लावून काय होईल याचा अंदाज आत्ताच बांधा. डीएलएसएस, एफएसआर यांसारख्या अपस्केलिंगने, म्हणजे कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठं करण्याच्या युक्तीने, बराच भार उतरतो, पण फिरणाऱ्या आकड्यांवर आणि सरकत्या नकाशावर त्यांचे ओघळ कधीकधी दिसतात.

२४० हर्ट्झच्या मॉनिटरसाठी मात्र जास्तीचा खर्च करू नका. फ्लाइट सिममध्ये पुष्कळदा प्रोसेसरच आधी दमतो, आणि मोठ्या विमानतळावर ३० ते ६० फ्रेम ही सामान्य गोष्ट आहे. इथे वेगापेक्षा सातत्य लागतं. ३० वर स्थिर राहिलेलं चित्र २५ आणि ५५ च्या मध्ये हेलकावणाऱ्या चित्रापेक्षा कितीतरी बरं वाटतं. म्हणून स्क्रीनचा वेग फ्रेमशी जुळवून घेणारं जी-सिंक किंवा फ्रीसिंक असलेला मॉनिटर बघा, आणि ते किती हर्ट्झपासून सुरू होतं हेही वाचा; पुष्कळ मॉडेलमध्ये ही खालची मर्यादा ४८ असते.

पायरी ६ : दुसरा छोटा स्क्रीन

चार्ट आणि फ्लाइट प्लॅन जुन्या टॅबलेटवर टाका. नॅव्हिग्राफ, लिटल नॅव्हमॅप यांचा नकाशा नेटवर्कवरून तिथे दिसतो आणि मुख्य ग्राफिक्स कार्डावर काहीच ओझं येत नाही. सिममधलीच उपकरणं उचलून दुसऱ्या मॉनिटरवर नेता येतात. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये उजवं ऑल्ट दाबून त्या उपकरणावर क्लिक करायचं. पण प्रत्येक उचललेली खिडकी फ्रेम खाते, म्हणून एक-दोनच्या पुढे जाऊ नका. एअर मॅनेजरसारखं सॉफ्टवेअर उपकरणं स्वतः काढतं आणि वेगळ्या कॉम्प्युटरवरही चालतं. योकच्या मागे एखादा जुना छोटा मॉनिटर आडवा ठेवून त्यावर सहा काटे लावले की मुख्य स्क्रीनची सगळी उंची बाहेरच्या दृश्यासाठी मोकळी होते.

पायरी ७ : बसवणं

मॉनिटरच्या पायावर विसंबू नका. आर्म किंवा भिंतीचा ब्रॅकेट घेतला की स्क्रीन योकच्या वर, जवळ ओढता येतो, आणि पायरी २ मध्ये गेलेले अंश परत मिळतात. मागची वेसा भोकं १०० बाय १०० मिलिमीटरची आहेत की ७५ ची, आणि आर्मला वजन किती पेलतं, हे स्क्रीन घेतानाच बघा. ४९ इंची वक्र स्क्रीनचं वजन पुढे झुकतं. साधे आर्म त्याखाली हळूहळू मान टाकतात.

विमान धावपट्टीवर उभं करा, सिम थांबवा, आणि स्क्रीनची उंची अशी करा की क्षितिज डोळ्यांच्या रेषेत येईल. मग सिममधली बसायची जागा वर-खाली करून इंजिनचं झाकण खऱ्या विमानात जेवढं दिसतं तेवढंच दिसेल असं बघा. नवखे सहसा खूप उंच बसतात आणि मग प्रत्येक लँडिंगला नाक जास्त खाली असल्यासारखं वाटतं.

तपासणी दोनदा करा. दिवसा, धावपट्टीपासून तीन मैलांवर: पीएपीआयचे, म्हणजे उतरण्याचा उतार बरोबर आहे का ते दाखवणारे, लाल आणि पांढरे दिवे वेगळे ओळखू येतात का? येत नसतील तर रेझोल्यूशन किंवा अपस्केलिंगचं सेटिंग एक पायरी वर न्या. रात्री, खोलीतला दिवा बंद करून: स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणूनही पॅनेल वाचता येतं का, आणि मागच्या खिडकीचं किंवा दिव्याचं प्रतिबिंब काचेवर पडतं का? पडत असेल तर टेबल फिरवा. केबल बांधायच्या त्या हे सगळं झाल्यावर.